कोपर जुळलं, पण अंगठ्याचं टोक वाकत नाही. एमआरआय काढायचा का?

पत्र : डॉक्टर, माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे पेरूच्या झाडावरून उजव्या हातावर पडला. कोपराच्या वरचं हाड मोडलं. त्याच रात्री ऑपरेशन करून दोन तारा घातल्या. चौथ्या आठवड्यात तारा काढल्या, एक्स-रे चांगला आहे म्हणाले. पण प्लॅस्टर निघाल्यावर दिसलं की अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं टोक वाकतच नाही. पेन्सिल नीट धरता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. आता सात आठवडे झाले. सर्जन म्हणतात, "नस दबली होती, येईल आपोआप, तीन महिने थांबा." दीर पुण्याला असतात, ते म्हणतात लगेच एमआरआय काढा, उशीर नको. सेंटरला फोन केला तर मुलाला भूल द्यावी लागेल म्हणाले. सासूबाई म्हणतात नस सरकलीय, मालीश करून आणू. एक्स-रेत नस दिसत नाही का? डॉक्टर काही लपवत तर नाहीत ना? दुसऱ्यांना दाखवू का?
— एक आई, कराड तालुका

उत्तर : ताई,

मुख्य उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. एमआरआय आज नको. मालीश आजही नको, पुढेही नको. आणि तुमचे सर्जन काही लपवत आहेत असं पत्रावरून तरी मला वाटत नाही. त्यांचा सल्ला बरोबर आहे, सांगणं तोकडं पडलं. "थांबा" म्हटलं की आईला ऐकू येतं, "आता करण्यासारखं काही नाही." प्रत्यक्षात या तीन महिन्यांत बघण्यासारखं बरंच असतं, आणि त्यातलं बरंचसं तुम्हीच घरी बघायचं असतं.

आधी झालं काय ते. मूल पडताना हात पुढे टेकवतं, कोपर उलटं वाकतं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते सर्वांत पातळ असतं तिथे मोडतं. यालाच सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतात. ५ ते ७ वर्षांच्या मुलांचं कोपर मोडलं की बहुतेक वेळा हेच असतं. खालचा तुकडा मागे जातो, वरच्या तुकड्याचं टोकदार तोंड पुढे येतं, आणि नेमकं तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मीडियन नावाची नस जाते. हाड चांगलंच सरकलेलं असेल तर दहात एखाद-दुसऱ्या मुलाची कुठली ना कुठली नस दुखावते. मीडियन नसेतले जे तंतू अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं, म्हणजे तर्जनीचं, टोक वाकवतात ते नसेच्या मागच्या बाजूला, म्हणजे हाडाच्या अंगाला असतात. हाडाचं टोक त्यांनाच आधी ताणतं. म्हणून बाकीचा हात व्यवस्थित आणि दोन बोटांची टोकंच तेवढी रुसलेली, हे चित्र आम्हाला फार ओळखीचं आहे. हे तंतू पुढे वेगळी फांदी होऊन जातात आणि त्या फांदीकडे कातडीच्या संवेदनेचं काम नसतं. तुम्ही बधिरपणाबद्दल काही लिहिलेलं नाही, ते याच्याशी जुळतं.

आता तीन महिनेच का, ते. नसेच्या इजेचे तीन प्रकार असतात. सेडन या ब्रिटिश सर्जननं ऐन महायुद्धात, १९४३ साली, ते मांडले आणि आजही आम्ही तेच वापरतो. पहिल्या प्रकारात नसेला नुसता मार बसतो. आतले तंतू शाबूत असतात, संदेश तेवढा थांबतो. तो काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत परत येतो. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण त्यांची नळी टिकते, आणि तंतू त्या नळीतून पुन्हा खाली वाढत जातात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिसऱ्यात नस पूर्ण तुटलेली असते, ती शिवावीच लागते. कातडी न फाटलेल्या अशा फ्रॅक्चरमध्ये पहिला प्रकार सर्वांत जास्त, दुसरा त्याहून कमी, तिसरा क्वचित.

मग हिशेब करा. तुमच्या मुलाएवढ्या मुलात मोडल्या जागेपासून अंगठा वाकवणाऱ्या स्नायूपर्यंतचं अंतर ८ ते १० सेंटिमीटर धरलं, तर दिवसाला १ मिलिमीटरनं ८० ते १०० दिवस होतात. तीन महिने हा आकडा असा आला आहे. शिवाय नसेविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्ष दम धरू शकतो. म्हणजे तीन महिने बघून मग ऑपरेशनची वेळ आलीच, तरी गाडी चुकलेली नसते. दिरांची धास्ती चुकीची नाही, पण उशीर व्हायला अजून अवकाश आहे.

एक्स-रेबद्दल तुम्ही विचारलंत. त्यात नस दिसत नाही, हाडच दिसतं. तरीही पडल्यावर लगेच, ऑपरेशनच्या आधी काढलेला पहिला एक्स-रे जपून ठेवा. खालचा तुकडा मागे जाताना कुठल्या अंगाला सरकला होता ते त्यात कळतं. बाहेरच्या अंगाला सरकला असेल तर मीडियन नस ताणली जाण्याची शक्यता जास्त, आतल्या अंगाला असेल तर मनगट उचलणारी रेडियल. एक गमतीचा अपवादही सांगते. कोपर निखळून बसवताना मीडियन नस सांध्यात अडकली, तर काही आठवड्यांनी हाडाच्या आतल्या कडेवर तिची खाच उमटते आणि ती एक्स-रेत दिसते. मातेव या सर्जननं १९७६ मध्ये ही खूण लिहून ठेवली. तुमच्या मुलाचं कोपर निखळलेलं नव्हतं, त्यामुळे हे फक्त माहितीसाठी.

नस खरोखर बघायची तर दोन साधनं आहेत, सोनोग्राफी आणि एमआरआय. लोकांना एमआरआय मोठा वाटतो कारण मशीन मोठं आणि बिल मोठं. कोपरातल्या नसेसाठी मात्र मी आधी सोनोग्राफीच सांगेन. पोटाची करतात ती नव्हे. त्यासाठी वेगळा, सपाट तोंडाचा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो, १२ मेगाहर्ट्झच्या वरचा. मुलाची नस कातडीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे तिचं चित्र मोठ्या माणसापेक्षा सोपं येतं. आडव्या छेदात निरोगी नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते, काळे ठिपके आणि त्यांच्याभोवती पांढरी जाळी. दंडापासून खाली प्रोब सरकवत नेला की ती अखंड आहे का, कुठे सुजून फुगलीय, जुळलेल्या हाडाच्या गाठीत गुंतलीय का, हे बघता येतं. आणि चांगल्या हाताची नस शेजारी दाखवून तुलनाही करता येते. मूल आईच्या मांडीवर बसलेलं चालतं. ना भूल, ना सुई, ना किरण. मुलाला बोट हलवायला सांगून आतलं सगळं हलताना बघता येतं, ही सोय एमआरआयमध्ये नाही.

अडचण एकच, करणाऱ्याचा हात बसलेला हवा. गर्भाची आणि पोटाची सोनोग्राफी गल्लोगल्ली होते. नसेची करणारे कमी. फोन करताना "हाताच्या नसेची सोनोग्राफी करता का, लहान मुलांची केली आहे का" असं सरळ विचारा. त्या विषयातल्या डॉक्टरांना मस्क्युलोस्केलेटल रेडिओलॉजिस्ट म्हणतात. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूरचं सीपीआर, पुण्याचं ससून, अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या रेडिओलॉजी विभागात चौकशी करून बघा. तुम्हाला वाटेल, सर्जन स्वतःच ओपीडीत प्रोब लावून का बघत नाहीत? परदेशात बरेच जण बघतात. आपल्याकडे गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग ते फक्त कोपरं बघायला वापरणार असलात तरी. कायद्याचं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, त्यावर माझी तक्रार नाही. पण त्यामुळे ऑर्थोपेडिकवाले मशीन ठेवण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत.

आता एमआरआय. तो वाईट नाही, त्यात किरणही नसतात. नसेचा खास एमआरआय, न्यूरोग्राफी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि मानेजवळच्या, खांद्याखालच्या खोल नसांसाठी त्याला तोड नाही. जन्माच्या वेळी ओढ बसून बाळाचा हात लुळा पडतो, तिथे मुळापासून नस उपटली आहे का हे बघायला तो फार उपयोगी पडतो. पण सात वर्षांच्या मुलाच्या कोपरातली बारीकशी नस त्यावर स्पष्ट यायला मशीन चांगलं हवं, शक्यतो ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), काप पातळ हवेत, आणि मूल अर्धा-पाऊण तास स्तब्ध हवं. तारा आत असताना काढला असता तर धातूमुळे नेमकी हवी ती जागा काळवंडली असती. त्या आता निघाल्यात, हे एक बरं झालं.

तरीही आज काढला तर काय होईल, ते तुमच्यासमोर मांडते. रिपोर्टमध्ये बहुतेक लिहून येईल, अंगठा आणि पहिलं बोट वाकवणाऱ्या स्नायूंत "इडिमा" आहे. तुम्ही घाबराल, दीर म्हणतील बघा मी म्हणत होतो. पण स्नायूला नसेचा पुरवठा नसेल तर एमआरआयवर तो असाच, पाणी धरल्यासारखा दिसतो. म्हणजे त्या स्नायूंची नस सध्या काम करत नाही, एवढंच त्यातून कळलं. ते तर तुमच्या मुलानं बटण लावताना आधीच सांगितलंय. नस तुटलीय की नुसती दबलीय, हा आपला खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर स्नायूंच्या सुजेत नसतं. हा माझा मुख्य मुद्दा आहे: तपासणीच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलणार असेल तरच ती करायची. आज नस अखंड दिसली तरी आपण थांबणार, आणि नुसती सुजलेली दिसली तरी थांबणारच.

रिपोर्ट कुठलाही असो, त्यात नस अखंड असल्याचं लिहिलंय का ते आधी बघा. त्यांच्या भाषेत "कंटिन्युइटी मेन्टेन्ड". ती बातमी चांगली. पण पूर्ण हमी नव्हे, कारण नस बाहेरून सलग आणि आतून व्रणानं भरलेली, असंही कधी कधी असतं. म्हणून चित्राला बोटाच्या हालचालीची साक्ष लागतेच.

ती साक्ष घरी कशी घ्यायची? मुलाशी दगड-कागद-कात्री खेळा. घट्ट मूठ हे मीडियनचं काम, कागदासाठी मनगट आणि बोटं उघडणं रेडियलचं, कात्रीची दोन बोटं फाकवणं अल्नर या तिसऱ्या नसेचं. शेवटी अंगठा आणि पहिलं बोट टोकाला टोक लावून गोल करायला सांगा, आपण "मस्त!" म्हणताना करतो तसा. तुमच्या मुलाचा गोल होणार नाही. दोन्ही बोटांची टोकं ताठ राहून पेरं एकमेकांवर चपटी टेकतील. आता त्याच्या अंगठ्याचं खालचं पेर तुमच्या चिमटीत हलकेच धरा आणि फक्त टोक वाकवायला सांगा. मुलं फार हुशार असतात, मनगट मागे मोडून बोटं आपोआप आत ओढून घेतात आणि "आलं आलं" म्हणतात. म्हणून मनगट टेबलावर सरळ ठेवूनच बघा. सुरुवात एवढ्याशा थरथरीनं होते, दिसली न दिसलीशी. दर रविवारी त्याच टेबलावर, त्याच बाजूनं मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. दोन महिन्यांचे असे व्हिडिओ माझ्यासमोर ठेवलेत तर तो मला कुठल्याही एका दिवसाच्या स्कॅनहून अधिक सांगून जाईल.

संवेदनेची शंका असेल तर आणखी एक युक्ती आहे. लहान मुलाला "इथे लागतं का, कमी लागतं का" विचारून नीट उत्तर मिळत नाही. दोन्ही हात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून खेळू द्या. नस चालू असलेल्या बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडतात, नस बंद असेल तर कातडी गुळगुळीत राहते. पाणी आधी तुमच्या हातानं बघा. बधिर बोटाला चटका कळत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की नस सरकत नसते, त्यामुळे जागेवर बसवण्याचा प्रश्नच नाही. उलट मुलाचं मोडलेलं कोपर चोळलं, जोर लावून ओढलं, तर स्नायूत नको तिथे हाड धरतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. त्यांच्या हाताला काम द्यायचंच असेल तर वेगळं द्या, मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून करून घ्यायचं: शेंगदाणे निवडणं, कपड्यांचे चिमटे तारेवर लावणं, कणकेच्या बारीक गोळ्या करणं. शिवाय रोज दोन-तीनदा त्या दोन बोटांची टोकं हलक्या हातानं पूर्ण वाकवून सरळ करायची, म्हणजे सांधे आखडणार नाहीत. कोपर त्याचं त्याला हलवू द्या, बळजबरी नको. मुलांचं कोपर खेळता खेळता सुटतं.

थांबायचं नाही अशा गोष्टीही आहेत. ऑपरेशनच्या आधी बोटं हलत होती आणि नंतर बंद पडली. आतल्या बाजूनं तार घातल्यावर करंगळी बधिर झाली. काच किंवा पत्र्यानं कापून नस गेली. हालचाल येत होती ती पुन्हा जाऊ लागली. हातात जळजळीच्या कळा यायला लागल्या. यातलं काही असेल तर तीन महिन्यांचा हिशेब लागू होत नाही, आठवडाभरात दाखवा. कापलेल्या नसेला तर स्कॅनची वाट न बघता उघडून बघणंच बरं.

तुमच्या मुलाचं प्लॅस्टर निघालंय, त्यामुळे पुढचं त्याच्यासाठी नाही. पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात मूल कालच पडलेलं असेल. प्लॅस्टरमध्ये मूल सारखं अस्वस्थ होतंय, वेदनेचं औषध वाढवावं लागतंय, बोटं सरळ केली की किंचाळतंय, बोटं पांढरी किंवा गार पडलीत, तर रात्र उलटू देऊ नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा आणि प्लॅस्टर उघडायला लावा. आवळलेल्या बांधणीत स्नायूंचं रक्त तुटून हात कायमचा वाकडा होतो, हे फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. बांबूच्या कामट्या करकचून बांधलेले हात अजूनही आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

मग तुमचा कार्यक्रम असा. बारावा आठवडा पूर्ण होईपर्यंत रविवारचे व्हिडिओ. थरथर दिसली तर काहीच तपासणी नको. बाराव्या आठवड्यापर्यंत काहीच नाही, तर नसेची सोनोग्राफी आणि ईएमजी. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज ऐकतात. मुलांना ती टोचते, म्हणून उगाच आधी करत नाही. सोनोग्राफी नस दिसते कशी ते सांगते, ईएमजी ती चालते कशी ते. दोन्ही मिळून उत्तर धूसर राहिलं तर तेव्हा एमआरआय. सात वर्षांचं मूल तयारी केली तर बरेचदा भुलेशिवायही झोपून राहतं: आधी मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवा, घरी पलंगावर पुतळा-पुतळा खेळा, आणि मंगळसूत्र-पिना काढून तुम्हाला आत बसू देतील का ते विचारा. भूल द्यायचीच ठरली तर सहा तास आधीपासून घन खाणं बंद, बाकी भूलतज्ज्ञ सांगतील तसं. तीन ते सहा महिन्यांत काहीच हललं नाही किंवा नस अडकलेली दिसली, तरच ती उघडून मोकळी करण्याचा विचार.

आणि या सगळ्यात बारा आठवड्यांची वाट बघताना तुमची झोपच उडाली असेल, तर नसेची सोनोग्राफी आत्ताच करून घ्यायलाही माझी हरकत नाही, जाणकार मिळत असेल तर. मुलाला तिचा काही त्रास नाही. आईच्या मनःशांतीसाठी केलेल्या तपासणीला मी नाक मुरडत नाही, फक्त त्यासाठी मुलाला भूल देऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा, शक्यतो मुलांच्या हाडांचे किंवा हाताच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ. चांगला सर्जन त्याचा राग धरत नाही. जाताना डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्स-रे आणि किती तारा कुठल्या बाजूनं घातल्या याची ऑपरेशन नोट न्या. ऑपरेशनच्या आधीच अंगठा वाकत नव्हता का, याची नोंद केसपेपरवर आहे का तेही मागून घ्या, कारण पुढचे निम्मे निर्णय त्या एका ओळीवर ठरतात. नोंद नसेल तर मामाला विचारा. पडल्यावर गाडीत किंवा दवाखान्यात कोणीतरी मोबाइलवर फोटो, व्हिडिओ काढलेला असतो, आणि त्यात मुलाची बोटं काय करत होती ते कधी कधी स्वच्छ दिसतं.